आडात पाणी आहे, पोहऱ्याचं बोला

बसा सगळे. चहा नंतर येईल. आधी मला बोलायचंय, आणि ते गोड नसेल.

गेल्या आठवड्यात मी आठवी-नववीतल्या काही मुलांच्या वह्या मागवून घेतल्या. कोणाच्या, ते तुम्हाला ठाऊक आहे. ज्यांच्याविषयी या खोलीत 'तो एलडीवाला', 'ती एलडीवाली' असं बोललं जातं, त्यांच्या. वह्या पाहून मी चक्रावले. शेजारी बसणाऱ्या मुलाच्या वहीत पानभर लाल शाई आहे. 'पुन्हा लिही', 'कारण दे', 'अक्षर सुधार'. आणि याच्या वहीत दीड ओळीचं उत्तर, त्यात ढीगभर चुका, आणि खाली तुमची झोकदार सही. सोबत 'छान'. एका वहीत तर नुसता प्रश्न उतरवलाय, उत्तराची जागा कोरी आहे, आणि त्या कोऱ्या जागेखालीही सही आहे. काय तपासलंत तुम्ही? कागदाची जाडी?

विचारलं तर सगळ्यांकडून एकच उत्तर आलं, "बाई, त्याला तेवढंच जमतं."

हे कोणी सांगितलं तुम्हाला? त्याच्या प्रमाणपत्रात तर हे लिहिलेलं नाही. मी ते वाचलंय. तुम्ही त्याची झेरॉक्स फाइलला लावलीत आणि विषय संपवलात. अध्ययन अक्षमतेचं, म्हणजे तुम्ही ज्याला एलडी म्हणता त्याचं, निदान करताना मुलाचा बुद्ध्यांक तपासतात. तो सर्वसाधारण किंवा त्याहून वर निघाला, डोळे आणि कान ठीक निघाले, शाळेत नियमित येऊनही वाचन, लेखन किंवा गणित वयाच्या मानाने फारच मागे राहिलेलं दिसलं, तेव्हा कुठे हे निदान होतं. म्हणजे मुलाची बुद्धी शाबूत आहे असं सांगणारा सरकारी कागद आपल्या कपाटात आहे, आणि त्याच कागदाचा आधार घेऊन तुम्ही त्याला बुद्धी नसल्यासारखं वागवता. याला काय म्हणायचं?

या खोलीतली लाडकी म्हण मला माहीत आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! अहो, आडात पाणी आहे हे कोणीतरी मोजून, शिक्का मारून लिहून दिलंय. गळतोय तो पोहरा. कोणाचा अक्षर आणि आवाज यांची सांगड घालताना गळतो, कोणाचा मनातलं कागदावर उतरताना, कोणाचा आकड्यांपाशी. पोहरा सांधायचा, दोर लांब करायचा, नाहीतर दुसऱ्या भांड्याने पाणी काढायचं, हे आपलं काम. तुम्ही काय केलंत? आडावर फळी टाकलीत, तिच्यावर बसलात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगताय की आड कोरडा आहे.

हुशार मुलाचंही वाचन अडू शकतं ही आत्ताची नवी माहिती आहे, आम्हाला कोणी सांगितलीच नव्हती, असं कृपा करून म्हणू नका. नोव्हेंबर १८९६ मध्ये प्रिंगल मॉर्गन या इंग्लिश डॉक्टरने 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मुलगा चुणचुणीत, खेळात बरोबरीच्यांपेक्षा मागे नसणारा, अंकगणितातही बरा. पण वर्षानुवर्षं शिकवूनही त्याला साधे शब्द वाचता येईनात. स्वतःचं नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल करायचा. त्या लेखातली मला सर्वांत मोलाची वाटते ती त्याच्या मास्तरांची साक्ष. सगळं शिक्षण तोंडी झालं असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्यांचं मत डॉक्टरांनी नोंदवून ठेवलंय. त्या मास्तरांकडे ना चाचण्या होत्या, ना विशेष शिक्षक, ना शासनाचं प्रशिक्षण. तरी त्यांना पोरगा दिसला. तुम्ही बी.एड. झालात, सेवांतर्गत प्रशिक्षणं केलीत, तिथल्या जेवणाविषयी तक्रारीही केल्यात, आणि तुम्हाला दिसत नाही?

पूर्वीचे मास्तर अशा मुलाला 'ढ' म्हणायचे, अंगठे धरून उभं करायचे. ते क्रूर होतं आणि ते परत यावं असं मी मुळीच म्हणत नाही. पण आपण त्यांच्या फार पुढे गेलो अशा भ्रमात राहू नका. 'ढ'च्या जागी 'बिचारा' आलाय. 'ढ' म्हटल्यावर मूल दुखावायचं, रडायचं, चिडायचं. 'बिचारा' म्हटल्यावर ते मुकाट बसतं, कारण समोरचा मोठा माणूस हसऱ्या चेहऱ्याने त्याला सांगत असतो की मला तुझ्याकडून काही नको. पहिल्यात अपमान उघड होता. दुसऱ्यात तो इतका गोड आहे की मूल त्याला माया समजतं आणि वर्षानुवर्षं गिळत राहतं.

वर्गात या मुलांना तुम्ही काय काम देता ते मी वऱ्हांड्यातून रोज बघते. खडू आण. हजेरीपट ऑफिसात देऊन ये. फळा पूस. संमेलनाच्या पताका लाव. मोठ्याने वाचायची वेळ आली की त्याच्या आधीचा मुलगा वाचतो, त्याच्या नंतरचा वाचतो, मधला आपोआप वगळला जातो. अख्ख्या वर्गाला ठाऊक असतं की इथे उडी मारायची. त्यालाही ठाऊक असतं. तुम्हाला वाटतं आपण त्याची लाज राखली. तुम्ही रोज भर वर्गात त्याच्या नावावर फुली मारता. अचानक उभं करून त्याची फजिती करा, असं मी सांगत नाहीये. आदल्या दिवशी त्याला परिच्छेद नेमून द्या. "उद्या हा तुझा," म्हणा. घरी चार वेळा वाचून येऊ दे. आणि मग उद्या त्यालाच वाचायला लावा. विसरू नका, टाळू नका. तो गैरहजर राहिला तर परवा लावा.

'तारे जमीं पर' हा सिनेमा २००७ साली आला. तुम्ही सगळ्यांनी पाहिला, रुमाल ओले केलेत. त्यातलं लक्षात काय राहिलं? शेवटची चित्रकलेची स्पर्धा. म्हणून एलडी म्हटलं की तुम्ही मुलाच्या हातात रंगपेटी देता आणि मोकळे होता. तो सिनेमा पुन्हा बघा, आणि या वेळी कोरड्या डोळ्यांनी बघा. मधल्या काळात त्यातले निकुंभ सर त्या वाचता न येणाऱ्या मुलासाठी काय करतात? वाळूत अक्षरं गिरवून घेतात, मातीची अक्षरं करवून घेतात, पायऱ्या चढ-उतर करून बेरीज-वजाबाकी शिकवतात. ते त्या मुलाला वाचायला शिकवतात! तुला चित्रं येतात ना, मग वाचनाचं राहू दे, असं ते कुठेही म्हणत नाहीत. सिनेमातलं शिकवणं तेवढं तुम्ही विसरलात आणि कौतुक तेवढं उचललंत.

वाळूचं अप्रूप कशाला, धूळपाटी आपल्याकडे होतीच. बोटाने अक्षर काढायचं, तोंडाने त्याचा आवाज करायचा, डोळ्यांनी ते बघायचं, मग पुसायचं आणि पुन्हा. ऑर्टन आणि गिलिंगहॅम यांच्यापासून गेल्या शतकभरात अशा मुलांसाठी ज्या पद्धती उभ्या राहिल्या, त्यांचा गाभाही तोच आहे. आवाज आणि अक्षर यांची जोडी डोळा, कान आणि हात एकदम कामाला लावून, ठरलेल्या क्रमाने, पुन्हा पुन्हा पक्की करायची. यात जादू काही नाही. चिकाटी आहे. आणि तीच आपल्याकडे आटलीय.

भाषेच्या बाई, तुम्हाला विचारते. मराठी वाचताना-लिहिताना मूल नेमकं कुठे अडतं, याची टिपणवही तुमच्याकडे आहे? नाही ना? मग ऐका. 'भ' आणि 'म', 'घ' आणि 'ध', 'थ' आणि 'य' यांच्यात नजर फसते. पहिली वेलांटी बोलताना व्यंजनानंतर येते, लिहिताना मात्र आधी काढावी लागते. रफार ज्या अक्षराच्या डोक्यावर बसतो त्याच्या आधी उच्चारायचा असतो. 'सूर्य', 'क्रम' आणि 'राष्ट्र' या शब्दांतला जोडाक्षरातला 'र' एकच, पण कागदावर त्याची तीन रूपं. आपल्याला हे सवयीने जमून गेलं, म्हणून त्यात शिकवण्यासारखं काही आहे हेच आपल्याला वाटत नाही. या मुलाला ते फोडून, सांगून, एकेक करून द्यावं लागतं. दिलं तर येतं. सावकाश येतं, पण येतं. चाळीस चुकांभोवती चाळीस लाल गोल काढले तर तो वही मिटेल, हे मलाही कळतं. म्हणून या आठवड्यात फक्त रफार धरा, पुढच्या आठवड्यात वेलांटी. पण रफाराच्या आठवड्यात रफार चुकला तर सोडायचा नाही. पुन्हा लिहून घ्यायचा, आणि बरोबर आल्यावरच 'छान' लिहायचं. फुकटच्या 'छान'ला मुलं ओळखतात.

गणिताचे सर, मान खाली घालू नका, तुमच्याकडेच येतेय. दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित घेण्याची सवलत आपल्या राज्यात कित्येक वर्षं आहे. सगळे उपाय करून झाल्यावरही ज्याला ते गणित पेलत नाही, त्याच्यासाठी ती आहे, आणि त्याने ती ताठ मानेने घ्यावी. तुम्ही मात्र आठवीच्या जूनमध्येच पालकांना सांगून टाकता, "सोडून द्या गणित, उगाच कशाला त्रास?" कोणते उपाय केलेत त्याआधी? तुमच्या वर्गातली एक मुलगी समीकरण कसं मांडायचं ते तोंडी बिनचूक सांगते. मी स्वतः ऐकलंय. ती चुकते ती सात आठे किती, तिथे. मग तिला पाढ्यांचा तक्ता द्या. कॅल्क्युलेटरची परवानगी असेल तर तो वापरायला शिकवा. आणि त्याच्या बदल्यात मांडणी पूर्ण मागा, एकही पायरी गाळू देऊ नका. तुम्ही पाढे आणि गणित दोन्ही एकदम माफ करून टाकलंत. सातवीच्या अंकगणितावर दहावी झालेली मुलगी पुढे जिथे जिथे बीजगणित लागेल त्या प्रत्येक दारापाशी अडेल. चौदाव्या वर्षी तिच्यासाठी ते दार लावून घेण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? आणि खरं सांगा, त्यात तिची काळजी किती होती आणि शाळेच्या निकालाची किती?

गृहपाठाचंही तेच. दहा गणितांतली पहिली तीन त्याला देता, कारण ती सोपी. त्याचा वेळ जास्त जातो, तो लवकर दमतो, म्हणून निम्मी द्या, माझी हरकत नाही. पण त्या पाचांत शेवटचं अवघड गणित असलंच पाहिजे. वर्षभर सोपंच पाहिलेल्या मुलाला अवघड कसं दिसतं हेसुद्धा कळत नाही.

बाई सवलतींच्या विरोधात आहेत, असं बाहेर जाऊन कोणी सांगू नये. माझी तक्रार उलटी आहे. तुम्ही सवलत कागदावर देता आणि ती वापरायला शिकवत नाही. परीक्षेत तासाला वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला अख्खा एक तास. आपली मुलं त्या तासात काय करतात? खिडकीबाहेर बघतात, कारण तो तास कसा वाटून घ्यायचा हे त्यांना कोणी शिकवलेलंच नाही. लेखनिक मिळतो, तोही खालच्या इयत्तेतला. त्याला 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द माहीत नसतो. उत्तर मनात जुळवायचं, पूर्ण वाक्यात सांगायचं, इथे नवा परिच्छेद कर म्हणायचं, आकृतीत कुठल्या भागाला काय नाव द्यायचं ते बोटाने दाखवायचं, शेवटी वाचून घ्यायचं. हे कसब आहे. बोर्डाच्या पहिल्या पेपरला ते आभाळातून पडत नाही. जूनपासून आठवड्याला एकदा त्याचा सराव हवा. तुम्ही लेखनिकाचं नाव परीक्षा तोंडावर आल्यावर शोधायला लागता.

शुद्धलेखनाच्या चुकांसाठी गुण कापायचे नाहीत, ही सवलत कशासाठी आहे? इतिहासाच्या पेपरात इतिहास मोजता यावा यासाठी. वेलांटी बाजूला ठेवलीत ना? मग आता आशय दुपटीने मागा. १८५७चा उठाव का फसला ते तोंडी विचारा. दोन कारणं सांगितली तर तिसरं विचारा. आणि "माहीत नाही" म्हणाला की पुढच्या मुलाकडे वळू नका. "उद्या सांग," म्हणा, आणि उद्या वर्गात पाऊल टाकल्यावर सर्वांत आधी त्यालाच विचारा. तुम्ही विसरणार नाही, हे त्याला कळू दे. काय मोजायचं ते तसंच ठेवायचं आणि कसं मोजायचं तेवढं बदलायचं, इतकी साधी ही गोष्ट आहे. तुम्ही वेलांटीबरोबर इतिहासही माफ केलात.

हे सगळं माझ्या हट्टापायी चाललंय असं समजू नका. १९९५च्या दिव्यांगांच्या कायद्यात अध्ययन अक्षमतेचा उल्लेखच नव्हता. २०१६च्या कायद्याने सात प्रकारांची यादी एकवीसवर नेली आणि त्यात ती आली. त्या कायद्याचं सोळावं कलम शाळेवर काय सोपवतं, ते वाचा. मुलांमधली अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखा, तिच्यावर मात करण्यासाठी शिकवण्याचे योग्य उपाय करा, आणि दिव्यांग मुलांचा सहभाग आणि त्यांनी गाठलेली पातळी यांवर लक्ष ठेवा. म्हणजे हे मूल कुठवर पोचलं, हे विचारण्याचा अधिकार कायद्यालाही आहे. कोऱ्या पानाखालची सही तिथे उत्तर म्हणून चालणार नाही.

२०२१ साली डिसग्राफिया, म्हणजे लेखनातली अक्षमता, असलेली एक मुलगी वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसली. तिच्या हक्काचा जादा तास तिला केंद्रावर दिला गेला नाही, उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. ती गप्प बसली नाही. मुंबई उच्च न्यायालयात गेली, तिथून सर्वोच्च न्यायालयात गेली. नोव्हेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने तिचा हक्क डावलला गेल्याचं मान्य केलं, आणि झालेला अन्याय कसा निस्तरणार याचा विचार परीक्षा घेणाऱ्या संस्थेला करायला लावला. मला त्या निकालाइतकीच त्या मुलीच्या आधीच्या दहा-बारा वर्षांची उत्सुकता वाटते. लिहायला हात चालत नसताना डॉक्टर व्हायचं ठरवणारी मुलगी आपोआप घडत नाही. कोणीतरी तिला जीवशास्त्र पूर्ण शिकवलं असणार, अर्धं नाही. आपल्या शाळेतल्या अशा एका तरी मुलीला तुम्ही कधी विचारलंत का, तुला काय व्हायचंय? विचारलंत तर उत्तर ऐकून हसलात की गप्प राहिलात?

आपल्या मनातलं मुलापर्यंत पोचत नाही, असं तुम्हाला वाटत असेल. १९६८ साली अमेरिकेत रोसेंथल आणि जेकबसन यांनी एका प्राथमिक शाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला. शिक्षकांना काही नावं दिली आणि सांगितलं, चाचणीवरून दिसतं की ही मुलं यंदा झेप घेणार. प्रत्यक्षात नावं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काढली होती. वर्षअखेरीस पहिली-दुसरीतल्या त्या मुलांचा बुद्ध्यांक इतरांपेक्षा जास्त वाढलेला आढळला. पुढे त्या आकड्यांवरून संशोधकांत खूप भांडणं झाली, परिणाम इतका मोठा असतो का यावर शंका घेतल्या गेल्या. ठीक आहे, बुद्ध्यांक सोडा. मेरी बड रो या संशोधिकेने शिक्षकांचं थांबणं मोजलं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. ज्यांना ते कच्चे समजतात त्यांच्यासाठी, हुशार समजलेल्यांपेक्षाही कमी थांबतात. तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांबतात आणि गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. आता आपल्या वर्गाचं बघा. ज्याला शब्द सापडायला सर्वांत जास्त वेळ लागतो, त्यालाच आपण सर्वांत कमी वेळ देतो. त्याच्याकडून काही येणार नाही असं आपण आधीच ठरवलेलं असतं, ते असं घड्याळावर उमटतं. आणि मूल ते घड्याळ बरोबर वाचतं.

आता तुमची बाजू. पटावर साठ मुलं. निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, पोषण आहाराच्या नोंदी, रोज नवी ऑनलाइन माहिती. विशेष शिक्षक हवा तेव्हा मिळत नाही. सगळं खरं आहे. त्यासाठी वर भांडायचं काम माझं आहे आणि मी भांडते. पण मी तुमच्याकडे मागतेय ते काय? तीन सेकंद थांबायला निवडणूक आड येत नाही. आठवड्याला एक प्रकारची चूक धरून ठेवायला नवं पद मंजूर व्हावं लागत नाही. धडा एकदा मोठ्याने वाचून फोनवर रेकॉर्ड करा. मूल घरी तो ऐकत ऐकत पुस्तकावर बोट फिरवेल, आणि तेच रेकॉर्डिंग पुढची पाच वर्षं चालेल.

"प्रमाणपत्र आलेलं नाही, बाई." हे आणखी एक. मुंबईकरांना सायन, केईएम, नायर ही पालिकेची रुग्णालयं तरी जवळ आहेत. खेड्यातल्या बापाला मजुरी बुडवून जिल्ह्याच्या गावी खेपा घालाव्या लागतात. त्याचे हाल मला माहीत आहेत. पण सवलतीला कागद लागतो, शिकवायला कागद लागत नाही. आठव्या वर्षापासून या मुलांची रीतसर तपासणी होऊ शकते, म्हणजे साधारण तिसरीत. आपण पालकांना कधी बोलावतो? नववीच्या सहामाहीनंतर, दहावीच्या सवलतींवर डोळा ठेवून. तिसरी ते नववी काय करत होतात? दर वर्षी पुढच्या वर्गात ढकलत होतात आणि पुढच्या शिक्षकाला कानात सांगत होतात, "याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका."

पालकसभेतही तुमचं हेच वाक्य असतं. मग आई मुलासमोरच म्हणते, "याला नाही हो जमत," आणि रात्री जागून त्याचा प्रकल्प स्वतः करते. तुम्ही त्या प्रकल्पाला अ श्रेणी देता. कोणाला दिलीत ती? वडील म्हणतात, मीही असाच होतो. खरंही असेल, हे पुष्कळदा घराण्यात चालत येतं. त्या वडिलांना विचारा, तुम्हाला वेळेवर कोणी नीट शिकवलं असतं तर आज काय वेगळं असतं? उत्तर ऐकायला बसा, उठून जाऊ नका. आणि मग त्यांना हातात काहीतरी नेमकं द्या. रोज पंधरा मिनिटं, कोणता परिच्छेद, मूल अडलं तर किती थांबायचं आणि कधी सांगायचं. "लक्ष द्या घरी" हा सल्ला मला पुन्हा ऐकू येता कामा नये.

मुलांनाही मी सोडणार नाही. "मला एलडी आहे ना" असं म्हणत वही पुढे न करणारे दोघं-तिघं आपल्याकडे तयार झालेत, आणि त्यांना तयार आपण केलंय. उद्या एकेकाला ऑफिसात बोलावणार आहे. काय सांगणार तेही ऐकून ठेवा, म्हणजे मागाहून तुम्ही ते पातळ करणार नाही.

"इकडे ये. समोर उभा राहा. इतरांना जे एका वाचनात होतं त्याला तुला चार वाचनं लागतात. यात तुझी चूक नाही, आणि हे सोपं आहे असं खोटं मी सांगणार नाही. पण ती चार वाचनं तुलाच करावी लागतील. मी करू शकत नाही, तुझी आई करू शकत नाही. तुला जादा वेळ देईन, लेखनिक देईन, तोंडी परीक्षा घेईन. विषय माफ करणार नाही. तुझ्या चुका मी रोज बघेन आणि त्यासाठी कधी रागावणार नाही. कोरं पान दिसलं तर मात्र गय नाही. आणि तुझ्या कोणत्याही शिक्षकाने तुला 'राहू दे' म्हटलं, तर तडक येऊन मला सांगायचं."

हो, शेवटचं वाक्य तुमच्यासाठी आहे.

कोणीतरी आता मनात म्हणत असेल, म्हणजे बाईंना सगळ्यांचे नव्वद टक्के हवेत. मला टक्के नकोत. काही मुलं पन्नासावर राहतील, काही पुढे जातील, एखादं आपल्या सगळ्यांना चकित करेल. कोणतं, ते तुम्हाला आज माहीत नाही आणि मलाही नाही. म्हणूनच आधी ठरवून टाकायचा अधिकार कोणाला नाही. पस्तीसला टेकलं की आपलं घोडं गंगेत न्हालं, ही वृत्ती मला या शाळेत नको.

आता काम सांगते, लिहून घ्या. शुक्रवारपर्यंत प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या अशा प्रत्येक मुलासाठी एक कागद द्यायचा. त्यावर तीन गोष्टी. आज त्याला नेमकं काय येत नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी त्यातलं काय आलं पाहिजे. आणि त्यासाठी तुम्ही, तुम्ही स्वतः, दर आठवड्याला काय करणार. 'वाचन सुधारणे' असं लिहिलेला कागद मी परत करीन. 'रफार असलेले वीस शब्द न अडखळता वाचणे', 'एका अज्ञातातली समीकरणं पाढ्यांचा तक्ता वापरून पाचपैकी चार सोडवणे', 'इतिहासाच्या एका प्रश्नाचं उत्तर लेखनिकाला पंधरा मिनिटांत सांगणे', असं हवं. 'प्रयत्न करू', 'जमेल तसं' हे शब्द कागदावर दिसता कामा नयेत. सुट्टी लागायच्या आदल्या आठवड्यात ते कागद घेऊन मी वर्गावर्गात जाईन आणि त्या मुलांना ते करून दाखवायला सांगेन. ज्याला येणार नाही त्याला मी एक शब्द बोलणार नाही. त्याच्या शिक्षकाला बोलावीन, आणि त्या दिवशी दार लावून बोलेन.

आता चहा घ्या. आणि घंटा झाली की वर्गावर वेळेवर जा.